मराठवाड्याच्या पानांवर नजर कुणाची? विकिपीडिया कसा सुरू झाला आणि त्याचा भरवसा किती

दुधनाकाठ (धागाकर्ता)

"विकिपीडियावर कुणीही काहीही लिहितं, त्याला काय अर्थ आहे?" हे वाक्य मी अनेक वर्षं ऐकतोय. मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. मुलांच्या प्रकल्पाच्या वह्यांत मात्र पानंच्या पानं तिथूनच उतरवलेली असतात. एकीकडे सरसकट अविश्वास, दुसरीकडे सरसकट विश्वास. पान उघडून, खाली जाऊन, संदर्भ काय दिलाय हे बघायचे कष्ट दोन्हीकडचे लोक घेत नाहीत. म्हणून हा धागा. लांबण लागेल, पण विषय तेवढा मोलाचा आहे.

आधी सुरुवात कशी झाली ते. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी मार्च २००० मध्ये न्यूपीडिया नावाचा ज्ञानकोश सुरू केला. फुकट वाचायला मिळणारा, पण लिहिणारे आणि तपासणारे जाणकार. प्रत्येक लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या. पहिल्या वर्षात विशीच्या आसपास लेख पुरे झाले. काम अडलं ते तपासणीच्या रांगेत.

वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रॅमरने १९९५ मध्ये एक सोपी व्यवस्था केली होती. वाचणाऱ्याने तिथल्या तिथे पान दुरुस्त करायचं. तिचं नाव विकी. न्यूपीडियासाठी कच्चे लेख पटापट तयार व्हावेत म्हणून ही व्यवस्था जोडीला घ्यायची ठरली आणि १५ जानेवारी २००१ला विकिपीडिया सुरू झाला. वर्ष संपेपर्यंत लेख वीस हजारांच्या घरात गेले. पुढे न्यूपीडिया बंदच पडला.

हे फक्त वेगाचं यश होतं असं मला वाटत नाही. तपासणीची जागाच बदलली. आधी तपासा आणि मग छापा, ही छापखान्याची रीत. इथे आधी छापलं जातं आणि तपासणी नंतर होते, तीही सगळ्यांसमोर. ती नंतरची तपासणी खरोखर होते का, यावर त्या पानाचा भरवसा ठरतो.

लोकांच्या हातभारातून कोश करणं ही कल्पना काही इंटरनेटची नाही. इंग्रजीचा मोठा ऑक्सफर्ड कोश वाचकांनी पोस्टाने पाठवलेल्या चिठ्ठ्यांवर उभा राहिला. संपादक जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये वाचकांना जाहीर आवाहन केलं होतं, आणि काम पुरं झालं १९२८ मध्ये. आपल्याकडे श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी रीतसर मंडळी काढली, भाग विकले, गावोगाव फिरून वर्गणीदार जमवले आणि तेवीस खंड काढून दाखवले. पैसा लोकांचा, लेखन निवडक हातांचं. विकिपीडियाने लेखनही लोकांकडे दिलं.

आता भरवशाचं. २००५ साल या बाबतीत फार महत्त्वाचं आहे. त्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाने विज्ञानाचे ४२ लेख विकिपीडिया आणि ब्रिटानिका दोन्हीकडून घेऊन तज्ज्ञांना तपासायला दिले. कुठला लेख कुठला ते सांगितलं नाही. विकिपीडियात १६२ चुका निघाल्या, ब्रिटानिकात १२३. गंभीर चुका दोन्हीकडे चार-चार. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी या पद्धतीवर सडकून आक्षेप घेतला, 'नेचर'ने आपलं म्हणणं मागे घेतलं नाही.

त्याच सुमारास जॉन सिगेंथॉलर या ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला. विकिपीडियावर त्यांच्या चरित्रात कुणीतरी लिहून ठेवलं होतं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. ते रॉबर्ट केनेडींचे सहकारी होते. हा मजकूर चार महिने तसाच राहिला.

ब्रिटानिकाच्या जवळ पोहोचणारा कोश आणि एका सज्जन माणसाला खुनी ठरवणारा कोश, दोन्ही तोच. हे एकाच वेळी कसं खरं असतं? 'नेचर'ने घेतलेले विषय शेकडो जाणकार रोज वाचतात. निवृत्त संपादकाच्या चरित्राकडे कुणी फिरकत नव्हतं. म्हणजे भरवसा संपूर्ण विकिपीडियाचा नसतो, एकेका पानाचा असतो. किंबहुना एकेका वाक्याचा.

आणि म्हणून मला आपली काळजी वाटते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. त्यातली मराठवाड्याची पानं उघडून बघा. तालुक्यांची, किल्ल्यांची, नद्यांची, मुक्तिसंग्रामातल्या माणसांची. तिथे फिरकतं कोण? राखणीला कुणी नसलेल्या ज्वारीच्या शेतासारखी ती पानं पडून आहेत. तुमचे अनुभव सांगा.

-----

बालाघाटी

उत्तम धागा, सर. वाचनखूण साठवली.

एक बाजू मांडतो. आपल्याकडे मराठी विश्वकोश आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून तो उभा केला. पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, मागे संपादक असतात, परिभाषा ठरवून घेतलेली असते. आता तो आंतरजालावर फुकट वाचता येतो. मुलांना आधी तिथे पाठवावं असं माझं स्पष्ट मत आहे. सहीनिशी लिहिणारा माणूस वेगळ्या जबाबदारीने लिहितो.

पण छापील कोशाची मर्यादाही आपल्याच भागात दिसते. लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला, हिंगोली १९९९ मध्ये. सुरुवातीचे खंड त्याआधी छापून झाले होते. त्यात लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातच असणार. ती चूक नव्हे, छापील कागद पुढे सरकत नाही इतकंच. विकिपीडियावर असा बदल त्याच दिवशी होऊ शकतो. त्यामुळे मी दोन्ही उघडतो: पार्श्वभूमीला विश्वकोश, ताज्या गोष्टींना विकिपीडिया.

-----

पूर्णामाई

+१. वाचतेय.

-----

मांजराकाठ

मी औसा तालुक्यातली. किल्लारीच्या भूकंपाचं उदाहरण घेऊ, कारण त्या पानावर मी बराच वेळ घालवलाय.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या थोडं आधी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं उशिरा झोपलेली. दगडमातीची जाड भिंतींची घरं, वर माळवद. हे आम्हाला कुणी सांगायची गरज नाही. पण किती माणसं गेली? काही सरकारी कागदांत ७,९२८ आहे. दुसरीकडे ९,७४८ दिसतं. बोलताना सगळे 'दहा हजार' म्हणतात. तीव्रताही कुठे ६.२, कुठे ६.३, कुठे ६.४.

आता इथं लोक भांडायलेत. एक येतो, आकडा बदलून जातो, दुसरा येऊन परत बदलतो. तीव्रतेचं उत्तर खरं तर सरळ आहे. भूकंप मोजायच्या पट्ट्या वेगवेगळ्या आहेत, ६.२ हा एका पट्टीवरचा आकडा, ६.४ दुसरीवरचा. पट्टीचं नाव लिहिलं की भांडण मिटतं. मृतांच्या आकड्याचं तसं नाही. तिथे आकडा कुणी, कधी, कोणत्या गावांपुरता मोजला हे लिहायला पाहिजे. दोन आकडे दोन संदर्भांसह शेजारी शेजारी ठेवावेत, एकाला खरं आणि दुसऱ्याला खोटं ठरवू नये, हे माझं म्हणणं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. आमच्या नात्यातल्या एका काकांकडे वही आहे. दुरेघी, निळ्या शाईची. गावातल्या गेलेल्या माणसांची नावं भावकीप्रमाणे लिहिलीत, पुढं वय, पुढं घर कोणत्या गल्लीत होतं ते. लेकी माहेरपणाला आलेल्या होत्या त्यांची नावं वेगळ्या पानावर, कारण त्यांचं सासर दुसऱ्या गावचं आणि मोजणीत त्या नेमक्या कुठं धरल्या हे काकांना पक्कं माहीत नव्हतं. ही माहिती कुठल्याच अहवालात अशी नाही. पुतण्याने त्या वहीच्या आधाराने गावच्या पानावर संख्या लिहिली. काढून टाकली गेली. कारण: संदर्भ नाही.

नियम मला कळतो. पण ज्याने आपल्या हाताने माणसं बाहेर काढली त्याचं लिहिलेलं चालत नाही, आणि त्याच्याकडून ऐकून वार्ताहराने दोन ओळी छापल्या तर त्या चालतात, हे पचायला जड जातं.

-----

दुधनाकाठ (धागाकर्ता)

मांजराकाठ ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माहेरवाशिणींचं वेगळं पान हा तपशील तर संशोधकांनी आवर्जून बघावा असा आहे. आकडे का जुळत नाहीत याचं एक उत्तरच त्यात असू शकतं.

पण नियमाच्या बाजूने एक सांगतो. ज्ञानकोश काकांना ओळखत नाही. मी ओळखत नाही, सोलापूरचा वाचक ओळखत नाही. उद्या दुसऱ्या गावातून कुणी खोटी वही घेऊन आला तर दोघांत फरक कसा करायचा? विकिपीडियाचा नियम सत्य तपासायचा दावाच करत नाही. तो म्हणतो, वाचणाऱ्याला स्वतः जाऊन पडताळता येईल असंच लिहा. काकांच्या वहीसारख्या कागदाचा मान राखायचा मार्ग वेगळा आहे: ती छापून आणणं, ग्रंथालयात ठेवणं. त्यावर जाणकार लिहितीलच.

-----

गोदातीर

सगळं छान आहे, पण मी या कोशावर अजिबात विश्वास ठेवत नाही आणि कारणं सांगतो.

औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव. केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ ची. त्यानंतर कुठल्या भाषेतल्या पानावर कोणतं नाव याचा मेळ कित्येक दिवस नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर पोलिसांना पत्र पाठवावं लागलं. एका वृत्तसंस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला आहे. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. कुणाला जाब विचारायचा? विश्वकोशात निदान सही असते. आणि एकदा का चार-पाच जणांनी एखादी भाषा ताब्यात घेतली की संपलं.

-----

दुधनाकाठ (धागाकर्ता)

गोदातीर, तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. तो आधी घेतो, कारण तसं खरोखर घडलेलं आहे.

क्रोएशियन भाषेतला विकिपीडिया जवळजवळ दशकभर अतिउजव्या विचारांच्या मोजक्या प्रचालकांच्या (पानं सुरक्षित करण्यासारखे जादा अधिकार असलेल्या सदस्यांच्या) हातात होता. दुसऱ्या महायुद्धातल्या अत्याचारांविषयी तिथे सोयीचं लिहिलं गेलं, विरोध करणाऱ्यांना बाहेर काढलं गेलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननेच २०२१ मध्ये त्यावर अहवाल काढून हे मान्य केलं. स्कॉट्स भाषेची गोष्ट वेगळी, पण तितकीच वाईट वाटायला लावणारी. ती भाषा येत नसलेल्या एका अमेरिकी मुलाने वर्षानुवर्षं हजारो लेख लिहिले. इंग्रजी वाक्यं घ्यायची आणि शब्द बदलायचे. २०२० मध्ये उघडकीला आलं. तोवर जग तीच स्कॉट्स समजत होतं. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. बघणारं कुणी नव्हतं, म्हणून ते चाललं. मराठीला दोन्ही धोके आहेत. यंत्राने भाषांतर केलेले, वाचताना दात लागावेत असे लेख आपल्याकडेही आहेत.

शहराच्या नावाबद्दल: त्या पानाची 'चर्चा' उघडून बघा. नाव कधी बदलायचं यावर कोण काय म्हणालं ते सगळं तारखेसह असतं. निर्णय पटो न पटो, तो कसा झाला हे दिसतं. छापील कोशाच्या संपादकीय बैठकीत काय बोलणं झालं ते आपल्याला कधी वाचायला मिळालंय? आणि न्यायालयाचं म्हणाल तर त्या दाव्याविषयीचं पान काढून टाकायचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये रद्द केला. मूळ दाव्याचा प्रश्न निराळा.

चरित्रांविषयी मात्र तुमच्याशी सहमत. जिवंत माणसाबद्दल चुकीचं लिहिलं तर त्याचं नुकसान आज होतं, दुरुस्ती उद्या होते. सिगेंथॉलर प्रकरणानंतर इंग्रजी विकिपीडियाने खातं नसलेल्यांना नवीन पान करायची बंदी केली आणि जिवंत व्यक्तींच्या चरित्रांचे नियम कडक केले. आपल्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांची पानं मात्र अजून बऱ्याचदा प्रचारपत्रकासारखी असतात, नाहीतर शिव्यांनी भरलेली.

-----

चावडीकर

मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहितो, म्हणून आतली रीत सांगतो. बाहेरून बघणाऱ्याला 'कुणीही लिहितं' एवढंच दिसतं.

कुठलंही पान उघडा. वर 'इतिहास पहा' असतं. तिथे पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल: सदस्याचं नाव, खातं नसेल तर अंकपत्ता किंवा तात्पुरतं नाव, तारीख, वेळ, मजकूर किती वाढला किंवा कमी झाला. दोन आवृत्त्या निवडल्या की फरक शेजारी शेजारी दिसतो. कुणी धुडगूस घातला तर जुनी आवृत्ती एका टिचकीत परत आणता येते, त्याला आम्ही 'उलटवणं' म्हणतो. 'अलीकडील बदल' हे पान उघडून बसणारे लोक आहेत. ठरावीक कामं सांगकामे करतात, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम. शिकायला धूळपाटी आहे, तिथे काहीही लिहून बघा. वाद चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, येतात. प्रचालक पान सुरक्षित करू शकतात. एवढी यंत्रणा आहे. तिला माणसं कमी पडतात.

आता गावांची पानं. मराठवाड्यातल्या कुठल्याही लहान गावाचं पान काढा. बहुतेक असंच दिसेल: अमुक हे महाराष्ट्र राज्यातील तमुक जिल्ह्यातील तमुक तालुक्यातील एक गाव आहे. मग मथळे: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली काही नाही, किंवा हवामानाची दोन वाक्यं, तीच शेजारच्या गावालाही. खोटं असं त्यात काही नाही. पण गाव त्यात कुठेच नाही. पुढे कधीतरी कुणी येतो आणि 'प्रेक्षणीय स्थळे'खाली लिहितो: येथे पांडवकालीन हेमाडपंती मंदिर आहे. पांडवकालीनही आणि हेमाडपंतीही! हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा. हे वाक्य वर्षानुवर्षं टिकतं.

टिकलं की खरा धोका सुरू होतो. यात्रेच्या दिवसांत एखादं वर्तमानपत्र पुरवणी काढतं. लिहिणारा घाईत असतो, विकिपीडियावरून दोन ओळी घेतो. मग कुणीतरी विकिपीडियाच्या त्या वाक्याला वर्तमानपत्राचा संदर्भ जोडतं. चक्र पुरं. जर्मनीत २००९ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. गुटेनबर्ग नावाचे नवे आर्थिक व्यवहार मंत्री आले, त्यांचं पूर्ण नाव खूप लांब. कुणीतरी विकिपीडियात त्यात 'विल्हेल्म' हे एक खोटं नाव घुसवलं. दुसऱ्या दिवशी मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते छापलं, आणि मग त्याच बातम्या नाव खरं असल्याचा पुरावा म्हणून दाखवल्या गेल्या. तिथे ते लवकरच उघडकीला आलं. आपल्या तालुक्यातलं पकडायला कोण बसलंय?

म्हणून संदर्भ बघताना त्याची तारीख बघा. विकिपीडियावर ते वाक्य कधी आलं ते इतिहासात बघा. बातमी त्यानंतरची असेल तर त्या संदर्भाला किंमत देऊ नका.

-----

येलदरी

चावडीकर दादा, हे तारखेचं कुणी सांगितलंच नव्हतं. फार उपयोगी.

एक विचारायचं होतं. औंढा नागनाथ आमच्या जवळ. आम्ही ते आठवं ज्योतिर्लिंग मानतो, गुजरातचे लोक द्वारकेजवळचं नागेश्वर मानतात. परळी वैजनाथाचं तसंच, तिकडे झारखंडात देवघर. विकिपीडियावर कोणतं बरोबर लिहायचं?

-----

बालाघाटी

मी परळीजवळचाच, त्यामुळे उत्तर देतो. :)

दोन्ही लिहायचं, पण 'कोण म्हणतं' हे सांगून. ज्ञानकोशाने निवाडा करायचा नसतो. 'परळी हे ज्योतिर्लिंग आहे' आणि 'देवघर हे ज्योतिर्लिंग आहे' ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडतात. 'महाराष्ट्रातील परंपरेनुसार परळी, तर अन्य परंपरेनुसार देवघर' यात भांडण राहत नाही, आणि दोन्हीकडचे भाविक वाचून शांत राहतात. तटस्थ दृष्टिकोन तो हाच.

पाथरीच्या वेळी याची फार गरज होती. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीसाठी शंभर कोटींची घोषणा झाली आणि शिर्डीत बंद पुकारला गेला. त्या दिवसांत दोन्ही पानांवर लोकांनी आपापलं म्हणणं ठोकून बसवण्याची शक्यता किती, तुम्हीच सांगा. अशा वेळी पान काही दिवस सुरक्षित करणंच शहाणपणाचं.

मात्र सगळीकडे 'दोन मतं आहेत' म्हणून हात झटकता येत नाहीत. आद्यकवी मुकुंदराजांचं घ्या. आम्हा बीडकरांच्या दृष्टीने समाधी अंबाजोगाईला, प्रश्नच नाही. पण विवेकसिंधूत वैन्यगंगेचा उल्लेख येतो आणि त्यावरून विदर्भातले अभ्यासक वैनगंगेकाठचं आंभोरा धरतात. ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८, त्यावरही अभ्यासकांचे आक्षेप आहेत. इथे नुसती परंपरा सांगून भागत नाही. कोणत्या अभ्यासकाने कोणत्या पुराव्यावर काय म्हटलं, ते एकेक करून लिहावं लागतं. मला अंबाजोगाई प्रिय आहे म्हणून मी आंभोऱ्याचा पुरावा गाळला तर तो ज्ञानकोश राहणार नाही.

-----

गोदातीर

बालाघाटी, अंबाजोगाईचा माणूस आंभोऱ्याचा पुरावा स्वतःहून मांडतोय हे आवडलं. माझा अविश्वास पुरता गेलेला नाही, पण इतिहासाचं पान मी आजवर उघडलं नव्हतं. काल पैठणचं उघडलं आणि तासभर त्यातच होतो.

-----

ग्रंथपाल_नांदेड

संदर्भ नाहीत म्हणून पानं रिकामी आहेत, हे अर्धंच खरं आहे. संदर्भ आहेत, ते कपाटात आहेत. निजामी राजवटीत १८८४ मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटिअर निघालं. त्याच्या आदल्या वर्षी बिलग्रामी आणि विल्मॉट यांचा निजामाच्या मुलखावरचा मोठा ग्रंथ. हे दोन्ही ताडपत्रीत बांधून ठेवायची चीज नाही, स्कॅन करून वाचायची आहे. पुढे महाराष्ट्र शासनाने परभणी, बीड, नांदेड, उस्मानाबाद अशी जिल्हावार गॅझेटिअर काढली. मराठवाडा साहित्य परिषदेच्या 'प्रतिष्ठान'चे अंक, अनंतराव भालेरावांच्या काळातल्या दैनिक 'मराठवाडा'च्या फायली, आणि आपल्या दोन्ही विद्यापीठांतले प्रबंध. प्रबंध तर शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात.

मुक्तिसंग्रामाबद्दल एक तक्रार. १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख सगळ्यांना पाठ आहे. पण गावोगावच्या कॅम्पांची, झेंडा सत्याग्रहांची, त्यात गेलेल्या साध्या माणसांची नोंद स्मरणिकांत पडून आहे. शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या, सहकारी संस्थांच्या स्मरणिका. कुणी शंभर प्रती काढल्या, संपल्या. मांजराकाठ ताईंच्या काकांची वही अशीच छापा. आमच्यासारख्या ग्रंथालयाला दोन प्रती द्या, दाखल क्रमांक पडला की ती वाचकाला मागता येते. मग तिचा संदर्भ देता येतो. आणि जुन्या पुस्तकांबद्दल: लेखक जाऊन साठ वर्षं झाली की आपल्या कायद्याने हक्क संपतो. केतकर १९३७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं लेखन मोकळं आहे. ज्ञानकोशाचे खंड आंतरजालावर आहेतच.

-----

मांजराकाठ

ग्रंथपाल, काकांशी बोलते. त्यांची तयारी असेल असं वाटतंय. नावं छापायला घरोघरी विचारावं लागेल, ते आम्ही करू.

-----

सीनाकाठचा_पोर

मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्यातलं कुणी आता विकिपीडिया उघडतच नाही, एआयला विचारतो. मग हा सगळा खटाटोप कशाला?

-----

चावडीकर

एआयची ही मॉडेल्स शिकतात त्या मजकुरात विकिपीडिया असतोच. परांड्याच्या किल्ल्याबद्दल तिथे चुकीचं असेल तर तुझ्या उत्तरात चुकीचं येण्याची शक्यता वाढते, आणि काहीच नसेल तर मॉडेल रचून सांगू शकतं. फरक इतकाच की विकिपीडियाच्या वाक्याला इतिहास असतो, संदर्भाचा आकडा असतो, चर्चेचं पान असतं. एआयच्या वाक्यामागे कोण उभं आहे ते तुला दिसत नाही. परांड्याचाच आहेस ना? मग किल्ल्यातल्या तोफांचे फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक साठ्यावर, चढव, स्वतः काढलेले असू दे. तिथून ते सगळ्या भाषांना वापरता येतात.

-----

येलदरी

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात दगडावर कोरलेला लेख आहे, जुनी देवनागरी, अर्धा शेंदराखाली. त्याचा फोटो टाकता येईल? आणि त्यात काय लिहिलंय ते गावातले एक गुरुजी सांगतात, ते लिहिलं तर?

-----

चावडीकर

फोटो जरूर टाक. लेख शेकडो वर्षांचा, त्यावर कुणाचा हक्क नाही, फोटो तू काढलेला. शेंदूर खरवडू नकोस, दगडाची झीज होते. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना काढ, अक्षरं उठून दिसतात. बाजूला मोजपट्टी ठेव. वर्णनात गाव, तालुका, देवळात नेमका कुठे आहे आणि तारीख लिही.

गुरुजींचं वाचन लेखात लिहू नकोस, ते मूळ संशोधन, म्हणजे आधी कुठेच न छापलेलं, ठरेल आणि ते चालत नाही. आधी हा लेख कुणी वाचून छापलाय का ते शोध. शं. गो. तुळपुळ्यांचा प्राचीन मराठी कोरीव लेखांचा संग्रह १९६३ चा आहे, त्यात गावांची नावं बघ. यादवकालीन लेखांवर ब्रह्मानंद देशपांडे यांचंही काम आहे. सापडलं तर पृष्ठ क्रमांकासह संदर्भ दे. नाही सापडलं तर फोटो आणि गुरुजींचं वाचन इतिहास विभागातल्या कुणा अभ्यासकाला दाखव. त्यांनी तपासून एखाद्या नियतकालिकात छापलं की मग ते पानावर येईल, आणि शोधाचं श्रेय गुरुजींच्या नावावर राहील. तोवर पानावर एवढंच लिही की मंदिरात शिलालेख आहे, आणि फोटो जोड.

-----

ग्रंथपाल_नांदेड

तुळपुळ्यांचा संग्रह आमच्याकडे आहे. येलदरी, गावाचं नाव व्यक्तिगत निरोपात कळवा, सूची बघून सांगतो.